अर्ज तिचा, हात आपला

इन्सुलीहून बांदा, पत्रादेवी ओलांडून गोव्यात कामाला जाणारी आपली माणसं कमी नाहीत. पगार अडला की ऑफिस सांगतं, "इंग्रजीत ईमेल करा." मग वस्तीतली काकी शिकलेल्या पोराकडे येते, "झिला, माका जरा लिवन दी."

आम्हीही असे ईमेल लिहून दिले, आणि सुरुवातीला चुकलो. काकी म्हणत होती, "माझे पैसे द्या." आम्ही लिहिलं, "आय हम्बली बेग." केलेल्या कामाचा पगार हा हक्क आहे. आमच्या इंग्रजीने त्याची भीक केली. शिवाय सगळं 'आय' वापरून, जणू तीच लिहितेय. उलट फोन इंग्रजीत आला आणि ती गप्प झाली.

म्हणून पहिलंच वाक्य खरं लिहा : "आय ॲम रायटिंग ऑन बिहाफ ऑफ" आणि तिचं नाव, पुढे "ॲट हर रिक्वेस्ट". लिहिणारा कोण, मागणी कोणाची, हे उघड होतं. "शी क्लेम्स" टाळा, त्यात संशयाचा वास येतो. "शी हॅज नॉट बीन पेड" लिहा आणि पुढे महिना, रक्कम, तारीख द्या. शेवटी "प्लीज स्पीक टु हर इन मराठी ऑर कोंकणी".

दुसऱ्यासाठी लिहिणं ही आपल्या चळवळीची जुनी रीत आहे. 1910 साली शिवराम जानबा कांबळे यांनी दख्खनच्या महारांच्या वतीने भारतमंत्री अर्ल ऑफ क्रू यांना इंग्रजीत अर्ज धाडला आणि लष्कर-पोलिसातली दारं उघडा अशी मागणी केली.

कायदाही हेच मानतो. माहिती अधिकार कायदा 2005 च्या कलम 6 प्रमाणे ज्याला लिहिता येत नाही त्याची तोंडी विनंती लिहून काढायला माहिती अधिकाऱ्याने मदत करायची असते. ॲट्रॉसिटीच्या 1995 च्या नियमांत तोंडी फिर्याद लिहून घेऊन फिर्यादीला वाचून दाखवणं बंधनकारक आहे.

पोलिसाकडून आपण जे मागतो ते आपण स्वतः पाळतो का? 'सेंड' दाबण्याआधी प्रत्येक ओळ काकीला मराठीत सांगा. ती "नाय, असां नाय" म्हणाली तर वाक्य बदला. प्रत तिच्या मोबाईलवर ठेवा. शक्य तिथे मराठीतच अर्ज करण्याचा आग्रह धरा.

इंग्रजी येतं म्हणून आपण तिचे साहेब होत नाही. नाहीतर जुन्या कारकुनाच्या खुर्चीत फक्त नवा माणूस बसला, एवढंच होईल.

जय भीम.