विश्लेषण : घरच्या मीडिया सर्व्हरसाठी हार्ड डिस्क निवडणे अवघड का झाले? सिनॉलॉजीच्या माघारीचा ग्राहकाला काय फायदा?

कुटुंबाचे फोटो, लग्नाच्या चित्रफिती, जमवलेली गाणी आणि चित्रपट एकाच ठिकाणी ठेवून ते टीव्ही, मोबाइल, लॅपटॉप अशा कोणत्याही पडद्यावर पाहण्याची सोय म्हणजे घरगुती मीडिया सर्व्हर. त्यासाठी लागणारी पेटी आणि तिच्यातील हार्ड डिस्क ही काही वर्षांपूर्वीपर्यंत साधी खरेदी होती. मात्र २०२५ मध्ये तैवानच्या सिनॉलॉजी कंपनीने आपल्या नव्या पेट्यांमध्ये कोणती डिस्क चालेल यावर बंधने आणली आणि जगभरातील ग्राहक संतापले. सहा महिन्यांत कंपनीला माघार घ्यावी लागली. या वादामुळे घरच्या साठवणुकीबाबतचे अनेक प्रश्न ऐरणीवर आले.

घरच्या सर्व्हरची गरज का वाटू लागली?

गुगल फोटोजने १ जून २०२१ पासून अमर्याद मोफत साठवणूक बंद केली. त्यानंतर जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिन्हींसाठी मिळून १५ जीबी एवढीच मोफत जागा उरली. आजच्या फोनवर ४-के दर्जाचे एक मिनिटाचे चित्रीकरण साधारण १७० ते ४०० एमबी जागा घेते. म्हणजे तासाभराच्या बारशाच्या किंवा मुंजीच्या चित्रीकरणातच ही मोफत जागा संपू शकते. पुढची जागा हवी तर दरमहा किंवा दरवर्षी पैसे मोजावे लागतात आणि ते कधीच थांबत नाहीत. घरात एकदाच खर्च करून स्वतःची साठवणूक उभी करावी, हा विचार इथून सुरू होतो.

‘नॅस’ म्हणजे नेमके काय?

नेटवर्कला जोडलेल्या साठवणुकीच्या पेटीला ‘नॅस’ म्हणतात. हा खरे तर एक छोटा संगणकच असतो. त्यात दोन, चार किंवा अधिक हार्ड डिस्क बसतात आणि तो केबलने घरातल्या राउटरला जोडलेला असतो. पडदा किंवा कीबोर्ड त्याला लागत नाही. जेलीफिन, प्लेक्स यांसारखी सॉफ्टवेअर त्यावर चालवली की साठवलेले चित्रपट पोस्टरसह टीव्हीवर दिसू लागतात. जेलीफिन पूर्णपणे मोफत आणि मुक्तस्रोत आहे. प्लेक्सने एप्रिल २०२५ पासून घराबाहेरून स्वतःच्या चित्रफिती पाहण्यासाठी शुल्क लागू केले. जुना डेस्कटॉप संगणक घरात पडून असेल तर त्यावर ट्रूनॅस किंवा ओपनमीडियावॉल्ट टाकूनही हेच काम भागते. फक्त तो वीज जास्त खातो आणि त्याची देखभाल स्वतः करावी लागते.

सिनॉलॉजीचा वाद काय होता?

एप्रिल २०२५ मध्ये सिनॉलॉजीने जाहीर केले, की ‘प्लस’ मालिकेच्या २०२५ सालच्या नव्या मॉडेलमध्ये कंपनीच्या स्वतःच्या नावाच्या किंवा तिने प्रमाणित केलेल्या डिस्कच पूर्ण क्षमतेने चालतील. यादीबाहेरची डिस्क घातली तर नव्याने साठवणूक तयारच करता येत नव्हती. विश्वासार्हता वाढवण्यासाठी हे पाऊल उचलल्याचे कंपनीचे म्हणणे होते. मात्र सिनॉलॉजी स्वतः हार्ड डिस्क बनवत नाही. इतरांनी बनवलेल्या डिस्कवर ती आपले नाव लावते. त्यामुळे सीगेट किंवा वेस्टर्न डिजिटलची चांगली डिस्क हाताशी असूनही ती नाकारली जाणे ग्राहकांना पटले नाही. अनेक जाणकारांनी क्यूनॅप, युग्रीन अशा स्पर्धकांचे पर्याय सुचवायला सुरुवात केली. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये डीएसएम ७.३ ही नवी प्रणाली आणताना कंपनीने घरगुती आणि छोट्या कार्यालयांसाठीच्या मॉडेलमध्ये इतर कंपन्यांच्या साडेतीन इंची हार्ड डिस्क पुन्हा चालू दिल्या.

यातून ग्राहकाने काय घ्यावे?

पेटी विकत घेतली, तरी तिचे वागणे सॉफ्टवेअर ठरवते आणि सॉफ्टवेअरची चावी कंपनीकडे असते. एका अद्ययावत आवृत्तीने दिलेली मुभा दुसऱ्या आवृत्तीने काढूनही घेता येते. त्यामुळे पेटी निवडताना किंमत आणि वेग यांच्यासोबत आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. कोणत्या डिस्क चालतात याची यादी कंपनीच्या संकेतस्थळावर आधी तपासावी. आणि उद्या ही पेटी बिघडली किंवा कंपनीने धोरण बदलले तर आतील माहिती बाहेर कशी काढता येईल, याचे उत्तर आजच शोधून ठेवावे.

हार्ड डिस्क निवडताना काय तपासावे?

सर्वात महत्त्वाचा मुद्दा म्हणजे डिस्कवर माहिती लिहिण्याची पद्धत. ‘सीएमआर’ पद्धतीत माहितीच्या पट्ट्या एकमेकींशेजारी असतात. ‘एसएमआर’ पद्धतीत त्या छपरावरच्या कौलांसारख्या एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात. त्यामुळे कमी जागेत जास्त माहिती बसते. पण मधले एक कौल बदलायचे तर आजूबाजूची कौले उचलावी लागतात, तसे इथेही एक भाग बदलताना शेजारचा भाग पुन्हा लिहावा लागतो. सतत लेखन असेल तर अशी डिस्क फार संथ होते. जाहिरातीत मात्र हा फरक ठळकपणे सांगितला जातोच असे नाही. वेस्टर्न डिजिटलच्या खास नॅससाठी विकल्या जाणाऱ्या ‘डब्ल्यूडी रेड’ मालिकेतील २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर असल्याचे एप्रिल २०२० मध्ये उघड झाले, तेव्हा मोठा गदारोळ झाला. त्यानंतर कंपनीने सीएमआर डिस्कसाठी ‘रेड प्लस’ हे वेगळे नाव दिले. नॅससाठी डिस्क घेताना ती सीएमआर असल्याची खात्री माहितीपत्रकातून करून घेणे, हा यातला धडा.

दुसरा मुद्दा सतत चालू राहण्याच्या क्षमतेचा. डेस्कटॉपची डिस्क दिवसाचे काही तास चालेल असे गृहीत धरून बनवलेली असते. नॅसच्या डिस्क २४ तास चालण्यासाठी आणि शेजारच्या डिस्कचे हादरे सोसण्यासाठी बनवलेल्या असतात. रेड प्लस, सीगेट आयर्नवुल्फ, तोशिबा एन३०० या मालिका या वर्गातल्या. त्यांना साधारण तीन वर्षांची वॉरंटी असते, तर ‘प्रो’ प्रकाराला पाच वर्षांची. घरच्या वापराला साधा प्रकार पुरतो.

तिसरा मुद्दा जागेचा. खोक्यावर ४ टीबी लिहिलेली डिस्क विंडोज संगणकावर ३.६३ टीबी एवढीच दिसते. यात फसवणूक नसते. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत, एवढाच फरक. पण गरज मोजताना तो लक्षात ठेवावा लागतो.

दोन डिस्क बसवल्या की माहिती सुरक्षित झाली?

हा सर्वात मोठा आणि सर्वात महागात पडणारा गैरसमज आहे. दोन डिस्कवर एकच माहिती ठेवण्याच्या तंत्राला ‘रेड’ म्हणतात. वर उल्लेख केलेल्या डिस्कच्या नावाशी त्याचा संबंध नाही. तिथे रेड म्हणजे लाल, इथे ती इंग्रजी आद्याक्षरे आहेत. या तंत्रात एक डिस्क बंद पडली तरी दुसरीवर काम चालू राहते, मात्र दोन डिस्कच्या पैशांत जागा एकीचीच मिळते.

डिस्क बंद पडण्याची शक्यता किती असते? अमेरिकेतील बॅकब्लेझ ही साठवणूक सेवा आपल्या डिस्कची आकडेवारी नियमित जाहीर करते. तिच्याकडील सुमारे तीन लाख डिस्कपैकी २०२४ मध्ये बंद पडण्याचे वार्षिक प्रमाण १.५७ टक्के होते. हेच प्रमाण घरी धरले, तर दोन डिस्क वापरणाऱ्या दर सात घरांपैकी एका घरात पाच वर्षांत किमान एक डिस्क बंद पडेल. ही शक्यता दुर्लक्ष करण्याजोगी नाही आणि तिच्यासाठी रेड उपयोगी आहेच.

पण चुकून पुसलेला फोटो दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसला जातो. वीज पडली, घरात पुराचे पाणी शिरले, चोरी झाली तर पेटीसकट दोन्ही डिस्क जातात. सायबर हल्ल्यातही तसेच होते. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या ‘माय बुक लाइव्ह’ या जुन्या उपकरणांतील माहिती जगभर अनेकांच्या घरात दूरस्थपणे पुसली गेली. या उपकरणांना २०१५ नंतर सुरक्षा सुधारणाच मिळाल्या नव्हत्या. जानेवारी २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ या खंडणीखोर सॉफ्टवेअरने क्यूनॅपच्या इंटरनेटवर उघड्या असलेल्या पेट्यांना लक्ष्य केले.

मग खरी सुरक्षितता कशात?

यासाठी ३-२-१ हा सोपा नियम सांगितला जातो. माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यातील एक घराबाहेर. घरच्या पातळीवर याचा अर्थ असा : एक प्रत नॅसवर, दुसरी यूएसबीने जोडायच्या बाहेरच्या डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या शहरातील नातेवाइकाकडे, गावच्या घरी किंवा क्लाउडवर. सांगली-कोल्हापूरने २०१९ मध्ये आणि मुंबईने २६ जुलै २००५ रोजी जे पाहिले, त्यानंतर ‘घराबाहेर’ या शब्दाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. सगळ्याच माहितीला तीन प्रती लागत नाहीत. चित्रपट पुन्हा मिळवता येतो, आजीचा आवाज असलेली चित्रफीत मिळत नाही. एक लाख फोटो प्रत्येकी ४ एमबी धरले तरी ४०० जीबीत मावतात. एवढ्यासाठी एक छोटी डिस्क पुरते.

वेग आणि विजेचे काय?

घरातल्या गिगाबिट केबलवरून सेकंदाला सुमारे ११० एमबी माहिती जाते. आजची साधी हार्ड डिस्कही याहून वेगवान असते. ४-के ब्लू-रे डिस्कवरील चित्रपटाला सेकंदाला जास्तीत जास्त १६ एमबी लागतात. त्यामुळे चित्रपट पाहण्यासाठी महागड्या वेगवान डिस्कची गरज नाही. नॅस वायफायने नव्हे, केबलने जोडणे जास्त महत्त्वाचे. टीव्हीला मूळ स्वरूपातील चित्रफीत चालत नसेल तर पेटीला ती तिथल्या तिथे बदलून द्यावी लागते. तेव्हा मात्र प्रोसेसरमध्ये त्यासाठीची ग्राफिक्स सोय आहे का, हे पाहावे लागते.

दोन डिस्कची पेटी सरासरी २० वॅट वीज घेते असे मानले तर महिन्याला साधारण १४ युनिट होतात. युनिटचा दर १० रुपये धरला तर महिन्याला सुमारे १४० रुपये. वीज अचानक गेल्यास लिहिणे अर्धवट राहून माहिती खराब होऊ शकते, म्हणून छोटा यूपीएस हा या खर्चाचा भागच मानावा.

किमती का वाढत आहेत?

जगात हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्या तीनच उरल्या आहेत : सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटरकडून मोठ्या डिस्कना प्रचंड मागणी आहे. वेस्टर्न डिजिटलने सप्टेंबर २०२५ मध्ये हार्ड डिस्कच्या किमती वाढवत असल्याचे ग्राहकांना कळवले. पुरवठादार मोजकेच असले की काय होते, हे २०११ मध्ये थायलंडमधील पुरात कारखाने बुडाले तेव्हा दिसले होते. डिस्कचे दर तेव्हा जगभर भडकले.

महागाईत स्वस्ताचा मोह वाढतो. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत हजारो तास वापरलेल्या सीगेट डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचे उघड झाले. वापराची नोंद पुसलेली होती, पण डिस्कमध्ये खोलवर असलेल्या दुसऱ्या नोंदीवरून वय कळले. त्यामुळे अधिकृत विक्रेत्याकडून बिलासह खरेदी करणे, अनुक्रमांक टाकून वॉरंटी कंपनीच्या संकेतस्थळावर तपासणे आणि परतीची मुदत संपण्याआधी डिस्कची पूर्ण चाचणी घेणे शहाणपणाचे.

खरेदीचा क्रम कसा असावा?

बहुतेक जण आधी पेटी ठरवतात, मग डिस्क घेतात आणि बॅकअपसाठी पैसे उरत नाहीत. क्रम उलटा हवा. आधी कोणती माहिती गमावून चालणार नाही ते ठरवावे आणि तिच्या दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीसाठी पैसे बाजूला काढावेत. मग सीएमआर डिस्क, मग यूपीएस आणि उरलेल्या रकमेत पेटी. चार डिस्कच्या दिमाखदार पेटीत असलेल्या एकमेव प्रतीपेक्षा साध्या दोन डिस्कची पेटी आणि कपाटात ठेवलेली एक जास्तीची डिस्क कुटुंबाच्या आठवणी अधिक नीट सांभाळते.