सहीच्या आधी चार प्रश्न

गेल्या मार्चमधली गोष्ट. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली माझी लेक भूगोलाच्या गाव-सर्वेक्षणाहून परतली ती तापाने फणफणतच. दवाखान्यात नेलं. लघवीचा जंतुसंसर्ग निघाला. "दिवसभरात पाणी किती प्यायलीस?" डॉक्टरबाईंनी विचारलं, तर ही गप्प.

घरी आल्यावर हळूहळू उलगडा झाला. दोन दिवस मुलं-मुली उन्हातान्हात घरोघर माहिती गोळा करत फिरत होती. मुलींना जायला धड जागा नव्हती. मग सगळ्या मुलींनी मिळून तोडगा काढला, पाणीच प्यायचं नाही! त्यात हिची पाळी आलेली.

"अगं, सरांना सांगायचंस. निदान मला तरी फोन करायचास."

"सरांना काय सांगू? आणि तुला सांगितलं असतं, तर पुढच्या वेळी तू पाठवलंच नसतंस."

मैत्रिणींनो, हे उत्तर मला फार लागलं. कारण ते खरं होतं. 'काही नको जायला' हेच शब्द माझ्या ओठांवर होते.

पण घरी बसवणं हा उपाय नव्हे. भूगोल असो, वनस्पतीशास्त्र असो की समाजकार्य, गावात, रानात, वस्तीत गेल्याशिवाय ते कळत नाही. राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर तर आपल्या ओळखीचंच आहे. आता नव्या शैक्षणिक धोरणामुळे कला शाखेच्या मुलींनाही क्षेत्र प्रकल्प आले आहेत, त्याचे गुण आहेत. आपण अडवलं तर नुकसान तिचंच. आणि अडवलं जाईल या भीतीने ती दुखणं लपवणार. आज ताप लपवला, उद्या कुणाचा नकोसा स्पर्शही लपवेल. माझ्या पोटात गोळा आला तो या विचाराने.

आठवडाभराने मंडळातल्या दोघींना घेऊन मी कॉलेजात गेले. भांडायला नव्हे, बोलायला. सर म्हणाले, "मुली काही बोलल्याच नाहीत हो." मुली सरांना लाजल्या, सरांना सुचलं नाही आणि मी न विचारता संमतीपत्रावर सही करून मोकळी झाले! 'कोणत्याही दुर्घटनेस महाविद्यालय जबाबदार राहणार नाही' ही त्यातली ओळ मी वाचली होती. सगळेच करतात म्हणून मीही सही ठोकली.

तेव्हा सहीच्या आधी चार प्रश्न विचारायचे, हे मी आता पक्कं केलंय.

पहिला, मुलींसोबत बाई कोण जाणार? दुसरा, स्वच्छतागृहाची सोय कुठे? गावातल्या शाळेशी, अंगणवाडीशी आधी बोललं तर सोय होते. तिसरा, जवळचा दवाखाना किती लांब, आणि तिथे साप चावल्यावर द्यायचं औषध आहे का? आधी फोन करून विचारता येतं. चौथा, त्या गावात फोन लागतो का? लागत नसेल तर निरोपाची सोय काय?

सापाचं मुद्दाम सांगते. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार विषारी साप जास्त धोक्याचे. शिबिरात मुली शाळेच्या फरशीवर झोपतात आणि मण्यार रात्रीच फिरतो. त्याचा दंश कधी कधी दुखतही नाही. म्हणून मच्छरदाणी लावून ती अंथरुणाखाली नीट खोचायची, अंधारात बाहेर जाताना पायात बूट आणि हातात बॅटरी हवी. दंश झालाच तर दोरी आवळायची नाही, ब्लेड मारायचं नाही, मांत्रिकाकडे तर नाहीच. तो अवयव न हलवता थेट दवाखाना. १०८ वर रुग्णवाहिका मिळते, पोलीस किंवा इतर मदतीसाठी ११२.

तिच्या पिशवीत आपणही चार वस्तू घालाव्यात. पाण्याची मोठी बाटली, क्षारसंजीवनीची पाकिटं, टोपी, जास्तीचे पॅड आणि ते गुंडाळून टाकायला जुने कागद. तिला दमा असेल, फिट येत असेल, तर ते शिक्षकांना आधीच सांगावं. 'लोक काय म्हणतील' म्हणून आजार झाकणाऱ्या आया मी पाहिल्यात. परगावी नेमका तोच झाकलेला आजार उलटतो.

आणखी एक. सहलीत, शिबिरात किंवा येता-जाता बसमध्ये कुणी छेड काढली, तर 'ते कॉलेजबाहेर घडलं' असं कॉलेजला म्हणता येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांनी अशा सगळ्या जागा कॉलेजच्या आवारातच धरल्या आहेत. तीन महिन्यांच्या आत अंतर्गत तक्रार समितीकडे लेखी तक्रार करता येते. हे लेकीला माहीत असू द्या.

यंदाच्या सर्वेक्षणाला सोबत एक मॅडम गेल्या, शाळेचं स्वच्छतागृह उघडून मिळालं. फार मोठं काही नाही, पण मुली पोटभर पाणी प्यायल्या!

निघताना मी लेकीला एवढंच म्हटलं, "काहीही झालं तरी मला सांग. मी तुला घरी बसवणार नाही." हे वाक्य तुम्हीही तुमच्या लेकीला म्हणून बघा. आणि म्हटलं की पाळा.