घड्याळं, चॉकलेटं आणि 100 अब्ज डॉलरचं आश्वासन

एफ्टा कराराबद्दल आपल्याकडे जी काही चर्चा झाली ती बहुतेक घड्याळं आणि चॉकलेटांवर. स्विस घड्याळ किती स्वस्त होणार, चॉकलेटवरचं शुल्क कधी शून्य होणार वगैरे. चॅनेलवाल्यांचं ठीक आहे, त्यांना दाखवायला काहीतरी चकचकीत लागतं. पण 1 ऑक्टोबर 2025 पासून हा करार लागू झालाय आणि त्यात आपण काय दिलं, काय घेतलं याचा हिशोब कोणी मांडताना दिसत नाही. म्हणून ही जरा लांबलचक पोस्ट. वेळ असेल तर वाचा.

आधी एक गोंधळ दूर करू. एफ्टा म्हणजे युरोपियन युनियन नव्हे. 1960 मध्ये स्थापन झालेला हा वेगळा गट आहे. ब्रिटन, डेन्मार्क असे मोठे देश तिकडे निघून गेले आणि आता उरलेत चारच : स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलंड आणि लिश्टेनस्टाइन. चौघांची लोकसंख्या मिळून दीड कोटीच्या आसपास. लिश्टेनस्टाइन तर चाळीस हजारांचा देश, म्हणजे आपल्याकडचं एखादं तालुक्याचं गाव. पण पैसा, औषधं आणि यंत्रं या तीन बाबतीत हे लोक फार मोठे आहेत, आणि करार त्याच तीन गोष्टींभोवती आहे.

आता व्यापार बघा. 2023-24 मध्ये आपण या चौघांना साधारण 2 अब्ज डॉलरचा माल विकला आणि त्यांच्याकडून 22 अब्जांचा घेतला. ऐकून धक्का बसतो, पण त्या 22 अब्जांत सिंहाचा वाटा सोन्याचा. सोनं स्वित्झर्लंडमध्ये शुद्ध होतं आणि आपल्या झवेरी बाजारात येतं. सरकारने सांगितलं की एफ्टाच्या 95 टक्के मालाला आपण सवलत दिली. खरं आहे. पण त्यातलं 80 टक्क्यांहून जास्त सोनंच आहे आणि सोन्यावर प्रत्यक्षात लागणारं शुल्क या कराराने बदललेलं नाही. त्यामुळे तो 95 चा आकडा ऐकून घाबरायलाही नको आणि भारावून जायलाही नको.

दूध उत्पादकांनीही घाबरायचं कारण नाही. दुग्धजन्य पदार्थ, सोयाबीन आणि बाकीचा संवेदनशील शेतमाल आपण बाहेर ठेवलाय. हे चांगलं केलं, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. वाइनवर सवलत आहे, पण नाशिकवाल्यांनी झोप उडवून घेऊ नये. स्विस लोक आपली वाइन बहुतेक स्वतःच पितात!

मग आपल्याला काय मिळालं? सांगितलं जातं की आपल्या औद्योगिक मालाला तिकडे शून्य शुल्क. इथे थोडं थांबा. स्वित्झर्लंडने औद्योगिक मालावरचं आयातशुल्क 1 जानेवारी 2024 लाच रद्द केलं, आणि ते सगळ्या जगासाठी. चीनसाठीही. आपल्या करारावर सह्या झाल्या 10 मार्च 2024 ला. म्हणजे जे दार सगळ्यांसाठी सताड उघडं होतं त्याच्या किल्ल्या आपण समारंभाने घेतल्या. ते दार पुन्हा बंद होणार नाही याची लेखी हमी मिळाली, एवढा त्याचा उपयोग.

खरी कमाई म्हणून जी सांगितली जाते ती वेगळीच आहे : पंधरा वर्षांत 100 अब्ज डॉलरची गुंतवणूक आणि 10 लाख थेट रोजगार. पहिल्या दहा वर्षांत 50 अब्ज, पुढच्या पाच वर्षांत आणखी 50. शेअर बाजारात येणारा-जाणारा पैसा यात धरायचा नाही, तोही मुद्दा चांगला. मुक्त व्यापार करारात गुंतवणुकीचा असा आकडा लिहून घेणं आपल्याकडे पहिल्यांदाच झालं. कल्पना मला आवडली, खोटं कशाला बोलू.

पण हिशोब करा. एप्रिल 2000 ते डिसेंबर 2023 या जवळजवळ चोवीस वर्षांत या चार देशांमधून आलेली थेट गुंतवणूक साधारण 10.7 अब्ज डॉलर. म्हणजे वर्षाला सरासरी 45 कोटी डॉलर. आता पहिल्या दहा वर्षांत 50 अब्ज हवेत, म्हणजे वर्षाला 5 अब्ज. अकरा पट! आणि 100 अब्जांना 10 लाख नोकऱ्यांनी भागलं तर एका नोकरीमागे एक लाख डॉलर, आपल्या रुपयांत 85-90 लाख.

स्विस गुंतवणूक दिसते कशी हे आपल्याला माहीत नाही असं नाही. साताऱ्याकडे जाताना शिरवळजवळ विंगला रीटरचा कारखाना आहे, सूतगिरण्यांची यंत्रं बनवतात. वाळूजला एंड्रेस हाउझर आहे, मोजमापाची उपकरणं. गोव्यात फोंडा आणि डिचोलीला नेस्ले. चांगले कारखाने आहेत, कौशल्याचं काम आहे, आजूबाजूच्या छोट्या उद्योगांनाही काम मिळतं. असे आणखी आले तर कोणाला नको आहेत? पण हे कारखाने करारामुळे आले नाहीत. जमीन, वीज, हाताशी कुशल माणसं आणि समोर गिऱ्हाईक बघून आले, आणि एकेक करत आले.

बरं, मोजणार कसं? हा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळतो. चंद्रपूरच्या मंडळींना होल्सिम आठवत असेल. एसीसी आणि अंबुजा या दोन्ही सिमेंट कंपन्या या स्विस कंपनीच्या ताब्यात होत्या. 2022 मध्ये तिने आपला हिस्सा अदानींना विकला आणि ती भारतातून बाहेर पडली. अंबुजामधला तिचा हिस्सा होता मॉरिशसमधल्या कंपनीच्या नावावर. म्हणजे पैसा स्विस, पत्ता मॉरिशसचा. उद्या असा पैसा आला तर तो एफ्टाच्या खात्यात धरायचा की मॉरिशसच्या? आणि असा एखादा मोठा मालक विकून निघून गेला तर ते अब्ज वजा करायचे की फक्त आलेलेच मोजत बसायचे? नवा कारखाना उभा केला आणि चालू कारखाना विकत घेतला, दोन्ही आकड्यांत सारखंच दिसतं. गावातल्या पोराला मात्र दोन्ही सारखं नसतं.

आणि नाही आले 100 अब्ज तर? करारातली भाषा हमीची नाही, प्रयत्नाची आहे. तेही समजण्यासारखं आहे, स्विस सरकार काही कंपन्यांना हुकूम सोडू शकत नाही. आधी मुदत संपायची, मग सरकारी पातळीवर चर्चेच्या फेऱ्या, मग सवलतीचा काळ, आणि मग कुठे आपण दिलेल्या सवलती तात्पुरत्या मागे घेऊ शकतो. तोवर 2040 उलटून गेलेलं असेल. तेव्हा वाणिज्य मंत्री कोण असेल आणि त्याला हा कागद कुठल्या कपाटात आहे हे तरी माहीत असेल का?

आता ज्या गोष्टीबद्दल मला मुख्य बोलायचं आहे तिच्याकडे येतो. औषधं.

स्वित्झर्लंड म्हणजे नोव्हार्टिस आणि रोश. रक्ताच्या कर्करोगावरच्या ग्लिव्हेक या औषधाची गोष्ट अनेकांना माहीत असेल. नोव्हार्टिसचं औषध महिन्याला लाखाच्या पुढे, आणि तेच औषध भारतीय कंपन्यांचं आठ-दहा हजारांत. नोव्हार्टिसने पेटंट मागितलं तेव्हा ते मिळण्याआधीच आक्षेप घेणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन होती. 2006 मध्ये अर्ज फेटाळला गेला, आणि 1 एप्रिल 2013 ला सुप्रीम कोर्टानेही नोव्हार्टिसला नाही म्हटलं. पेशंटांच्या संस्थेला हे करता आलं, कारण आपल्या कायद्यात कोणीही पेटंट मिळण्याआधी आक्षेप घेऊ शकतो.

दुसरं हत्यार म्हणजे पेटंटधारकाने दरवर्षी द्यायची माहिती : औषध भारतात बनवता की आणता, किती विकता. 2012 मध्ये बायरच्या कर्करोगाच्या औषधावर नॅटकोला सक्तीचा परवाना मिळाला आणि महिन्याचा खर्च 2 लाख 80 हजारांवरून 8,800 वर आला, त्यात ही माहिती कामी आली.

करारावर सह्या झाल्या 10 मार्चला. 15 मार्चला पेटंटचे नवे नियम लागू झाले. दरवर्षीची माहिती आता तीन वर्षांतून एकदा. पेटंटपूर्व आक्षेप फुकट होता, त्याला फी लागली, आणि आक्षेप ऐकण्याजोगा आहे की नाही याची चाळणी आधीच होणार. नियमांचा मसुदा 2023 च्या ऑगस्टमध्येच आला होता हे खरं, त्यामुळे सगळं करारानेच झालं असं मी म्हणणार नाही. पण याच दोन मुद्द्यांवर करारातही कलमं आहेत. म्हणजे आधी नियम असता तर उद्या दुसरं सरकार तो परत बदलू शकलं असतं. आता त्याला आंतरराष्ट्रीय कराराची गाठ बसली.

पुन्हा, न्यायाने बोलायचं तर आपल्या वाटाघाटी करणाऱ्यांनी मोठी मागणी परतवून लावली. चाचण्यांच्या माहितीवर कंपनीची वेगळी मक्तेदारी एफ्टाला हवी होती, ती दिली नाही. ज्या कलम 3(ड) वर ग्लिव्हेकचा निकाल लागला तेही शाबूत आहे. पण बाकीचं जे दिलं ते आजपासून लागू आहे आणि जे मिळायचं ते 2040 च्या तारखेचं आहे. टाटा हॉस्पिटलच्या बाहेर फुटपाथवर बसलेल्या नातेवाइकांना या दोन तारखांमधला फरक समजावून सांगायला लागणार नाही.

अजून एक गंमत. स्वित्झर्लंडमध्ये असा करार झाला की 100 दिवसांत 50 हजार सह्या जमवून लोक जनमत मागू शकतात. इंडोनेशियाबरोबरच्या एफ्टा करारावर 2021 मध्ये पामतेलावरून तिथे खरंच मतदान झालं, आणि तो जेमतेम 51.6 टक्क्यांनी वाचला. आपल्याकडे? असा करार संसदेत मताला टाकलाच पाहिजे असा नियम नाही.

त्यामुळे निदान एवढं तरी करू. आपापल्या खासदाराला लिहा, की वाणिज्य मंत्रालयाला लेखी प्रश्न टाका : एफ्टा करार लागू झाल्यापासून किती गुंतवणूक आली, कुठल्या कंपनीची, कुठल्या जिल्ह्यात, नवा कारखाना की चालू कंपनीची खरेदी, किती नोकऱ्या, आणि त्याच काळात किती पैसा परत गेला. दरवर्षी हाच प्रश्न. आणि वाणिज्य मंत्रालयालाच आणखी एक वेगळा : नवे नियम आल्यापासून पेटंटपूर्व आक्षेप किती आले, त्यातले किती पहिल्याच चाळणीत बाद झाले. खासदाराचं उत्तर आलं तर खाली कमेंटमध्ये टाका, नाही आलं तर तेही टाका.