तात्पुरत्या श्वासाची किंमत

ऑक्टोबर २०२४ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत नियामक प्राधिकरणाने आठ औषधांच्या अकरा प्रकारांची कमाल किंमत ५० टक्क्यांनी वाढवली. कच्चा माल महागला, जुन्या दरात औषधे बनवणे परवडत नाही, ती बाजारातून नाहीशी होतील, असे कारण देण्यात आले. या यादीत दम्यावरचे साल्ब्युटामॉल होते. महागाईच्या दिवसांत आणखी एक भाववाढ म्हणून ही बातमी वाचली गेली आणि दुसऱ्या दिवशी विसरलीही गेली. पण तिच्यात एक बारकावा होता. भाव वाढला तो साल्ब्युटामॉलच्या २ आणि ४ मिलिग्रॅमच्या गोळ्यांचा आणि नेब्युलायझरमध्ये घालायच्या द्रावणाचा. तोंडाने ओढायच्या पंपाचा त्यात समावेश नव्हता.

हा बारकावा महत्त्वाचा अशासाठी की, दम्यासाठी साल्ब्युटामॉलची गोळी देऊ नये असे जगभरचे छातीविकारतज्ज्ञ कित्येक वर्षे सांगत आहेत. हिशेब साधा आहे. पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असते. चार मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे चाळीस फवाऱ्यांइतके औषध! ते आधी पोटात, मग रक्तात, मग सर्व शरीरभर फिरून शेवटी फुफ्फुसात पोहोचते. तोवर हात थरथरतात, छाती धडधडते. पंपातले औषध थेट श्वासनलिकेत उतरते आणि काही मिनिटांत दम बसतो. तरीही आपल्याकडे गोळी आणि सिरप ‘साधे औषध’ ठरते आणि पंप ‘शेवटचा उपाय’! चाळीस पट मात्रा सौम्य आणि एक पट मात्रा जहाल, हे गणित कोणत्या शाळेत शिकवले जाते?

धोत्र्यापासून पंपापर्यंत

औषध श्वासातून घेणे ही काही परक्यांची कल्पना नाही. आयुर्वेदात धूमपानाचे उपचार आहेतच. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी धोत्र्याचा धूर ओढण्याची पद्धत मद्रासहून ब्रिटनमध्ये गेली आणि पुढे तिकडच्या औषधांच्या दुकानांतून दम्याच्या सिगारेटी विकल्या जाऊ लागल्या. आजचा पंप अमेरिकेतल्या रायकर कंपनीने १९५६ मध्ये बाजारात आणला. कंपनीच्या प्रमुखाच्या दमेकरी मुलीने, केसांवर मारायच्या फवाऱ्यासारखे माझे औषध का मिळत नाही, असे विचारले आणि त्यातून ही कल्पना निघाली. त्या वेळच्या औषधांचा हृदयावर फार ताण पडे. डेव्हिड जॅक यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटनमधील ॲलन अँड हॅनबरीज या कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये साल्ब्युटामॉल शोधले. ते मुख्यतः श्वासनलिकेभोवतीच्या स्नायूंवर काम करते, आवळलेले स्नायू सैल करते. १९६९ मध्ये ते विक्रीस आले. आज ते जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे आणि आपल्या राष्ट्रीय यादीतही.

इथवरची कथा सुखाची आहे. खरी गुंतागुंत पुढे आहे.

सुटका म्हणजे उपचार नव्हे

दम्यात दोन गोष्टी घडतात. श्वासनलिकेचे स्नायू आवळतात, हे झाले वरचे लक्षण. मूळ दुखणे म्हणजे नलिकेच्या आतल्या अस्तराला कायमची आलेली सूज. साल्ब्युटामॉल स्नायू सैल करते, सुजेला हात लावत नाही. भिंतीतली ओल तशीच ठेवून वरून चुना मारावा, तसा हा प्रकार. चार ते सहा तास भिंत छान दिसते. मग पुन्हा पंप, पुन्हा चुना. रुग्णाला वाटते, औषध लागू पडते आहे. प्रत्यक्षात आतली सूज वाढत असते आणि एखाद्या रात्री फवाऱ्यामागून फवारे मारूनही नलिका उघडत नाही.

याची किंमत काही देशांनी मोजली आहे. १९६०च्या दशकात इंग्लंड आणि वेल्समध्ये दम्याचे मृत्यू अचानक वाढले. १० ते १४ वयाच्या मुलांमध्ये ही वाढ कित्येक पट होती. तीव्र मात्रेचे आयसोप्रिनॅलिनचे पंप तेव्हा दुकानात सहज मिळत. १९६८ मध्ये ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून मिळेनासे झाले आणि मृत्यू कमी झाले. न्यूझीलंडमध्ये १९७६ नंतर फेनोटेरॉल या पंपाबाबत अशीच गोष्ट घडली आणि १९८९ मध्ये त्याच्या वापरावर बंधने आली. साल्ब्युटामॉल त्या मानाने सौम्य खरे. पण केवळ त्याच्या भरवशावर राहणाऱ्यांचे काय होते, हे ब्रिटनमध्ये २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दम्याच्या मृत्यूंच्या राष्ट्रीय पाहणीने दाखवले. ज्या १६५ मृतांच्या पंपांची नोंद उपलब्ध होती, त्यांपैकी ६५ जणांना मृत्यूपूर्वीच्या वर्षात तात्काळ सुटकेचे बारापेक्षा अधिक पंप लिहून दिले गेले होते. म्हणजे महिन्याला एकाहून जास्त! धोक्याची घंटा वर्षभर वाजत होती. ती कोणी ऐकली नाही, इतकेच.

अखेर २०१९ मध्ये दम्यासंबंधीच्या ‘जिना’ या जागतिक मार्गदर्शक संस्थेने अर्धशतकाचा पाठ बदलला. प्रौढांना आणि बारा वर्षांवरील मुलांना नुसत्या साल्ब्युटामॉलवर ठेवू नये. सूज उतरवणारे श्वासातले स्टिरॉइड प्रत्येकाच्या उपचारात असलेच पाहिजे, असे तिने सांगितले. ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल यांचा एकत्र पंप सुटकेसाठीही वापरता येतो, हा मार्ग तिने पुढे ठेवला. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेने साल्ब्युटामॉल आणि ब्युडेसोनाइड एकत्र असलेल्या पंपालाही मान्यता दिली. वर्षाला तीन किंवा अधिक साल्ब्युटामॉलचे पंप लागत असतील तर तीव्र झटक्याचा धोका वाढतो, हे आता सर्वमान्य आहे. एका पंपात साधारण २०० फवारे असतात. आपल्या घरात तो किती दिवस पुरतो, हे प्रत्येक कुटुंबाने एकदा कॅलेंडरवर मांडून पाहावे.

आपले दुखणे वेगळे

पाश्चात्त्यांचा प्रश्न पंपाच्या अतिरेकाचा. आपल्यापुढे अतिरेक आणि अभाव दोन्ही आहेत. २०१९च्या जागतिक अंदाजानुसार भारतात सुमारे ३ कोटी ४० लाख दमेकरी आहेत. जगातील रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के आपले. पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक आपले. ‘ग्लोबल अस्थमा नेटवर्क’च्या २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय पाहणीत, छातीत घरघर होणाऱ्या दर दहांपैकी आठ जणांना आपल्याला दमा आहे असे निदानच झालेले नव्हते. सूज उतरवणारे औषध रोज घेणारे तर अत्यल्प.

निदान का होत नाही? कारण ‘दमा’ हा शब्दच आपल्याला नको असतो. ‘बाळदमा आहे, मोठेपणी जाईल’, ‘ॲलर्जीचा खोकला आहे’ अशा गोड नावांखाली तो झाकला जातो. डॉक्टरही पालकांचा चेहरा पाहून जपून बोलतात. मुलगी लग्नाची असेल तर पंप पर्सच्या तळाशी जातो. मृग नक्षत्राला हैदराबादच्या बथिनी कुटुंबाचा मत्स्यप्रसाद घ्यायला महाराष्ट्रातूनही लोक जातात, कोजागिरीला खिरीतून औषध घेतात. श्रद्धेची थट्टा करण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच, की परतीच्या गाडीत दम लागला तर जवळ काय असते?

दुसरी भीती स्टिरॉइडची. ती निराधार आहे असे म्हणणे अप्रामाणिक ठरेल. लहानपणी वर्षानुवर्षे ब्युडेसोनाइड ओढलेल्या मुलांची उंची मोठेपणी सरासरी सुमारे एक सेंटीमीटर कमी भरली, असे अमेरिकेतील दीर्घ अभ्यासात दिसले. पण पंपातली मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते. ती टाळल्याने वारंवार झटके येतात आणि मग मिलिग्रॅममध्ये मोजायच्या स्टिरॉइडच्या गोळ्या व इंजेक्शने घ्यावी लागतात. एक सेंटीमीटर एका पारड्यात आणि झोपेविना गेलेल्या रात्री, बुडालेली शाळा व जिवाचा धोका दुसऱ्या पारड्यात. निवड पालकांनी डोळसपणे करावी. ‘पंपाची सवय लागते’ हाही असाच समज. चष्म्याची जशी सवय लागते, तशी आणि तेवढीच.

एक खुलासा मात्र आवश्यक. धूम्रपानाने किंवा वर्षानुवर्षे चुलीच्या धुराने होणारा सीओपीडी हा वेगळा आजार आहे. त्यात श्वासनलिका रुंद करणारी, दीर्घकाळ टिकणारी औषधे हाच उपचाराचा मुख्य आधार असतो. म्हणून शेजारच्या आजोबांचा पंप नातवाला चालेल असे समजू नये.

सरकार काय करू शकते?

साल्ब्युटामॉल कायद्याने चिठ्ठीवर मिळायचे औषध आहे; व्यवहारात ते मागताक्षणी मिळते. निव्वळ कडक अंमलबजावणीने प्रश्न सुटणार नाही. मध्यरात्री दम लागलेल्या माणसाला चिठ्ठी मागणे हा क्रूरपणा होईल. खरी अडचण अशी की, सुटका देणारा पंप स्वस्त आहे आणि सूज उतरवणारा एकत्र पंप त्याच्याहून कितीतरी महाग. ज्याचा रोजगार दिवसावर आहे, तो कोणता घेईल हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको. ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉलचा पंप २०२२च्या राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहे. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात २०२३ पासून दम्याचाही समावेश आहे. कागदावर सर्व काही जागच्या जागी आहे. आता हा पंप प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात बारा महिने दिसला पाहिजे आणि तो कसा ओढायचा हे दाखवणारी परिचारिकाही. पंप हलवणे, श्वास पूर्ण सोडणे, सावकाश ओढणे, दहा सेकंद रोखणे. लहान मुलांना आणि वृद्धांना स्पेसर जोडून देणे. स्टिरॉइडच्या पंपानंतर चूळ भरणे. पाच मिनिटांचे हे शिक्षण चुकले, तर महागडे औषध घशातच राहते.

सरकारने गोळी बाजारात टिकावी म्हणून तिचा भाव वाढवला. तितकीच तत्परता योग्य पंपाचा भाव उतरवण्यासाठी दाखवली, तर मृत्यूंचा तो ४० टक्क्यांचा आकडा हलू लागेल. तोवर आपल्या हाती एक गोष्ट आहे. घरातल्या कोणाचा साल्ब्युटामॉलचा पंप लवकर संपू लागला, तर दुकानातून दुसरा आणण्याआधी डॉक्टरांकडे जावे आणि विचारावे, सुजेवरचे औषध कुठे आहे?