अंतर

परवा वायोमिंगहून भाच्याचे पत्र आले. तिकडच्या माळरानात प्रेअरी डॉग नावाचा प्राणी बिळांची वसाहत थाटून राहतो. नाव कुत्र्याचे, जात खारीची! कुरण फस्त करतो म्हणून गुरे पाळणारे त्याच्यावर दात खाऊन असतात. अशाच एका शेजाऱ्याने भाच्याला शिकारीला बोलावले होते. "मामा, तुम्ही वीस वर्षे पक्षी बघता. अंतर सांगणारी दुर्बीण कोणती घेऊ?"

आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने हौशी शिकारीचे दिवस सरले, आणि बंदूक तर मी कधी हाती धरली नाही. पण दुर्बीण म्हटल्यावर राहवेना.

अशी दुर्बीण लायका कंपनीने १९९२ साली 'जिओविड' या नावाने बाजारात आणली. तिच्यातून निघालेला अदृश्य लेसर-झोत लक्ष्यावर आपटून परततो आणि येरझारीच्या वेळावरून अंतर निघते. ३०० मीटरची ये-जा सेकंदाच्या दहा लाखांश भागाच्या दुप्पट वेळात आटोपते!

मी कळवले, "बाळ, जाहिरातीतल्या हजारांच्या आकड्यांना भुलू नकोस. ते चकाकत्या वस्तूचे असतात; केसाळ अंगावरून, त्यातही भर उन्हात, झोत फार कमी परततो. शिवाय तो दूर जाताना पसरतो. फूटभर उंचीचा प्राणी चुकवून पुढच्या गवताचे नाहीतर मागच्या टेकाडाचे अंतर सांगेल. म्हणून बिळाच्या तोंडाशी असलेल्या मातीच्या ढिगावर नेम धरून मोजावे. चढउताराचा हिशेब करणारी दुर्बीण घे. ३० अंशांच्या उतारावर ४०० यार्डांचे आडवे अंतर ३४६ च भरते, आणि गोळीचा उतार बेतायचा तो त्यावर. १०×४२ ची घेतलीस तर दूरचे बारकावे दिसतील, पण हाताचा कंपही दसपट दिसेल, तिकाटणे हवेच. संध्याकाळच्या उजेडात ८×४२ डोळ्यांना अधिक सुखाची."

एवढ्यावर थांबता आले असते. पण ४०० यार्डांवर अंतर २५ यार्डांनी चुकले, तर गोळी चार-सहा इंच खाली-वर जाते. छातीवरचा नेम पोटात लागतो. जखमी जीव बिळात शिरतो आणि तिथेच तडफडतो. त्याच्यामागे कोण जाणार? म्हणून पुढे लिहिले, "आधी वाटीएवढ्या कागदावर नेम धर. जिथवर एकही गोळी चुकत नाही, तिथवर तुझी हद्द. आणि समोर कोण आहे ते नीट पाहा. याच प्राण्यांवर जगणारे काळ्या पायांचे फेरेट नामशेष झाले असे वाटत असताना १९८१ साली तुझ्याच वायोमिंगमध्ये, मीटीत्सी गावाजवळ, सापडले होते."

महिन्याने उत्तर आले. "मामा, कागदावर माझी हद्द २५० यार्ड ठरली. माळावर दुर्बिणीत आकडा उमटला ४२०. शेजारी म्हणाला, मार. मी बंदूक खाली ठेवली आणि अंधार पडेपर्यंत पाहत बसलो. शेजारी हसला."

हसू दे. अंतर मोजायला यंत्र आहे. ते राखायला माणूसच लागतो.