जूनचे खरे की नोव्हेंबरचे?

2015 चा रमजान तोंडावर आला होता. 5 जूनला केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मॅगी नूडल्स बाजारातून परत घेण्याचा हुकूम काढला. शिसे मर्यादेपेक्षा जास्त, हे कारण. अंधेरीतल्या आमच्या घरातली चार पाकिटे त्याच दिवशी कचऱ्यात गेली. शेजारच्या खालांनी तर मॅगीचे पातेलेही घासून घासून पांढरे केले.

13 ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. कंपनीला बाजू मांडायची पुरेशी संधी दिली नव्हती, आणि ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर बंदी उभी होती, त्यांना आवश्यक ती मान्यताच नव्हती. मग तीन मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत पुन्हा तपासणी झाली, शिसे मर्यादेत भरले आणि नोव्हेंबरात तीच पिवळी पाकिटे वाण्याकडे दिसू लागली.

"सरकारचं खरं कधीचं मानायचं? जूनचं की नोव्हेंबरचं?" खालांनी विचारले. आम्हाला उत्तर देता आले नाही. जूनमध्ये ओरडून सांगितले, तसे नोव्हेंबरात आमच्या इमारतीत कोणी समजावायला आले नाही. ती जागा पुढे मोबाईलवरच्या प्लॅस्टिकच्या तांदळाने भरून काढली. खालांकडे मॅगी आजही येत नाही.

पण त्याच खाला नातवाला नाक्यावरचा शोरमा बिनदिक्कत घेऊन देत. मे 2024 मध्ये मानखुर्दला चिकन शोरमा खाल्ल्यावर 19 वर्षांचा मुलगा दगावला, तेव्हा कुठे त्या थबकल्या. त्याच्या थोडेच दिवस आधी गोरेगावात बाराजण रुग्णालयात गेले होते. शिसे दिसत नाही, म्हणून त्याचा धसका बसतो. उकाड्यात तासन्‌तास बाहेर राहिलेले मांस समोर दिसते, पण कापून देणारा ओळखीचा असतो. हलाल आहे ना, एवढे विचारून आपण हात पुढे करतो. तय्यब आहे का, मांस कालचे तर नाही, हे विचारायचे राहून जाते.

अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 च्या कलम 40 नुसार साध्या गिऱ्हाइकालाही फी भरून अन्नाचा नमुना सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेता येतो. दोष निघाला तर फी परत मिळते. मात्र खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला तसे सांगावे लागते. दुधात पाणी असल्याचा खालांना संशय आहे, म्हणून त्यांना हे समजावले.

"रोज दारात येणाऱ्या भय्याला तोंडावर कसं सांगू?" त्या म्हणाल्या, आणि दूध तापवायला आत गेल्या.