डेडस्टॉकमधला जिवंत ऐवज

‘कारकुनी’ हा शब्द आपल्याकडे हिणवण्यासाठीच वापरला जातो. बँकेच्या खतावण्यांत आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला मात्र तो टोचत नाही. कारकुनी चुकली तर काय होते, हे दिल्लीतल्या मायापुरीने २०१० साली दाखवून दिले आहे.

दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात गॅमा किरणांचे एक यंत्र होते. १९७० च्या सुमारास कॅनडाहून आणलेले, १९८५ पासून वापराविना पडलेले. फेब्रुवारी २०१० मध्ये ते भंगार म्हणून लिलावात निघाले. मायापुरीच्या भंगारबाजारात त्याचे तुकडे झाले आणि आतला कोबाल्ट-६० उघडा पडला. हाताळणारे आजारी पडले. एक कामगार एप्रिलमध्ये दगावला. किरणांना ना रंग, ना वास. त्या बिचाऱ्यांना कळणार कसे?

आता यातला हिशेब पाहा. कोबाल्टचा जोर दर सव्वापाच वर्षांनी निम्मा होतो. आमच्या भाषेत, तो आपला घसारा आपणच लावून घेतो. चाळीस वर्षांत मूळच्या जोराचा जेमतेम दोनशेवा हिस्सा उरला होता. तेवढ्यानेही माणूस गेला! डेडस्टॉक रजिस्टरात ‘मृत’ म्हणून पडलेली वस्तू प्रत्यक्षात जिवंत होती.

असे पदार्थ केवळ अणुभट्टीतच असतात असे नाही. थायरॉइडच्या रुग्णाला दिले जाणारे आयोडिन-१३१ आठ दिवसांत निम्मे होते. कारखान्यात कागदाची किंवा पत्र्याची जाडी मोजणाऱ्या उपकरणात लहानसा किरणोत्सारी स्रोत वर्षानुवर्षे मुक्काम करतो.

नियमांचा तुटवडा नाही. मुंबईत मुख्यालय असलेले अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ पासून काम करते आहे. परवाने आहेत, विकिरण सुरक्षा अधिकारी आहे, ‘ई-लोरा’ ही संगणकीय यंत्रणा आहे. कामगाराच्या छातीवर टीएलडी बॅज असतो; पण अंगावर किती किरण पडले ते तो नंतर सांगतो. वस्तू कुठे आहे, हे सांगणे माणसाचेच काम.

आणि माणूस बदलतो, तिथेच साखळी तुटते. बँकेत तिजोरीच्या किल्ल्या दोघांकडे असतात. बदली झाली की नोटा मोजूनच चार्ज घेतात. अचानक तपासणीला आलेला अधिकारी रजिस्टर पाहून थांबत नाही, तिजोरी उघडायला लावतो. प्रयोगशाळा, रुग्णालये आणि कारखान्यांत किरणोत्सारी स्रोतांना हाच न्याय हवा. वर्षातून एकदा तरी बाहेरच्या माणसाने वस्तू जागेवर पाहावी, आणि सुरक्षा अधिकाऱ्याच्या सहीशिवाय अशा विभागातले भंगार फाटकाबाहेर जाऊ नये.

तुमच्या घरचे कोणी अशा ठिकाणी कामाला असेल, तर एवढेच विचारा : आमच्याकडचे स्रोत शेवटचे कोणी मोजले, आणि कधी?

निवृत्त होणाऱ्याला हार, शाल, श्रीफळ सगळे जरूर द्या. पण त्याआधी कपाट उघडून, यादीवर बोट ठेवून, त्याच्याकडून चार्ज घ्या.